धुतलेलं इंजिन

मुलांनो, आज सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि तुमच्या आजोबांच्या टेबलावरचं छोटं इंजिन मला फारच मळकं दिसलं. रूळ तपासायला निघालेल्या साहेबांसाठी पूर्वी अशी इंजिनं असत. बॉयलरच्या पुढेच काचेची खोली आणि आत साहेबांच्या खुर्च्या. तशाच एका इंजिनाची ही वीतभर प्रतिकृती आजोबा कित्येक महिने पितळी पत्र्यातून घडवत होते. मी ती ओल्या फडक्याने लख्ख पुसली.

ती धूळ नव्हती. कोळशाची पूड बारीक कुंचल्याने लावून त्यांनी चढवलेली काजळी होती.

आजोबा आले आणि बघतच राहिले. मग म्हणाले, "अगं, आज साहेब येणार वाटतं! इंजिन धुऊन ठेवलंस." आणि हसले.

मला मान वर करवेना. या घरात पुढच्या खुर्चीत बसून मीच तर कायम डाग शोधत आले. त्या काचेतून रुळांतला दोष दिसतो. मागे कोळसा टाकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही.

आजोबा पुन्हा कोळसा कुटायला बसले. पूड माझ्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर उडाली. फडकं अजून माझ्या हातातच होतं. मी ते पाठीमागे लपवलं.