खंडेनवमीच्या हाराखाली

दुर्गच्या एका ठेकेदाराने मला फसवलं. सौदा पक्का झाल्यावर त्याने गाडीची चांगली कॉइल, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा डबा, काढून घेतली आणि तिथे मेलेली बसवली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आजवर जो तो मला नशिबाच्या गोष्टी सांगून गप्प करत आलाय.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. गिट्टीच्या टोपल्या वाहत मी तिथे सुरुवात केली आणि पुढे गिट्टी पुरवू लागलो. भाव पाडण्यात भिलाईच्या सुपेला बाजारात माझा हात धरणारा कोणी नव्हता. ठेकेदाराकडे जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती, दोघांपुरती, छप्पर नसलेली. तिचा भाव मी त्याच्याच माणसांसमोर पाडला. तो हसला, पण कान लाल झाले होते. बोनेट उघडून मी सगळं पाहिलं होतं. कॉइल नवी, चकचकीत होती.

गाडी हवी होती आईसाठी. तिचं आणि मामाचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. त्या वर्षी मामाने निरोप पाठवला: दसऱ्याला सोनं द्यायला ये, झालं गेलं सोडून देऊ. मामा आजारी होता. गाव साकोलीकडे, रेल्वेपासून लांब.

गाडी ताब्यात आली खंडेनवमीला. ठेकेदार म्हणाला, "अखेरची पूजा माह्या हातची, भाऊ." बोनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार. पूजलेली वस्तू दसऱ्याचं सोनं वाहीपर्यंत उघडायची नाही, ही आमची रीत. गाडी काही ढकलत आणता येत नाही, म्हणून चालवत आणली; बोनेटला मात्र हात लावला नाही. माझे पाने-पेचकसही घरी पाटावर मांडलेले होते. दसऱ्याच्या पहाटे निघताना ते घेऊ लागलो, तर आई म्हणाली, "राहू दे. संध्याकाळी सोनं वाहिल्याबिगर हलवू नको."

राजनांदगाव मागे पडलं आणि इंजिन खोकू लागलं. दोन झटके, मग शांत. गार झाल्यावर सुरू झालं, थोडं चालून पुन्हा तेच, असं दुपारपर्यंत. मला वाटलं पेट्रोल. शेवटी हार सारून बोनेट उघडलं आणि इंजिनाच्या पेट्रोल-पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. काही नाही. पेट्रोलची नळी उघडावी तर पाना नाही. भिलाईकडे जाणारा एक ट्रक थांबवला.

"पाना है क्या?"

"आज दशहरा है, भाई. मेरे भी पूजा में बैठे हैं," ड्रायव्हर म्हणाला.

मग प्लगची तार हातानेच ओढून लोखंडाजवळ धरली आणि त्याला स्टार्टर मारायला सांगितलं. ठिणगी पडेना. कॉइल चाचपली तर तळहात पोळला. तेव्हा नीट पाहिलं. ती नवी कॉइल नव्हतीच. काळी, पोचलेली, कुठल्यातरी लॉरीची. तिला धरणाऱ्या पट्टीचे स्क्रू ताजे घासलेले.

आई सीटवर आपट्याची पानं ओटीत घेऊन बसली होती. "पोचू का रे?"

"पोचू."

"तू तं माह्याशी गिऱ्हाइकासारखा बोलून राहिला."

ऊन उतरलं, साकोलीकडे जाणारं काही मिळालं नाही. आईने एक पान ट्रकवाल्याला दिलं, एक मला, आणि गाडी तिथेच सोडून आम्ही त्याच ट्रकने परत आलो. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने, म्हणजे बसने, आणि पुढे बैलगाडीने मामाकडे पोचलो. तो अंथरुणावर होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "सोनं काल होतं, बाई," एवढंच बोलला. आईने कॉइल बिघडल्याचं सांगितलं. कॉइल म्हणजे काय, हे त्याला तिने कसं समजवावं?

मी ठेकेदाराच्या दारात जाऊन ओरडलो. तो पान चघळत म्हणाला, "पूजा तुह्या डोळ्यासमोर केली. मले कावून विचारून राहिला? अजून भाव पाडाचा हाय का?" त्याची माणसं हसली. हातात पुरावा काही नव्हता. होती ती एक काळी कॉइल, आणि ती कोणाचीही असू शकत होती.

पुढचा दसरा मामाने पाहिला नाही. आईकडे ती पानं अजून आहेत, लुगड्यांच्या घडीत, चुरा झालेली.

ठेकेदार अजून दुर्गमध्येच आहे. राग माझ्यावर होता तर सौदा मोडायचा होता, मला चारचौघांत शिव्या द्यायच्या होत्या. माझ्या आईचा दसरा त्याने कावून, कशासाठी घेतला? याचं उत्तर मला नको. त्याने ते तिच्यासमोर उभं राहून द्यावं, ती आहे तोवर.