हीटिंग बंद करून गेलो तेव्हा

डिसेंबरात आयर्लंडमधल्या लिमरिकच्या घराला कुलूप लावून आम्ही पुण्याला निघालो, तेव्हा मी फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवलं, गॅस बंद केला, हीटिंग बंद केलं. हे बाबांचं वळण. गावाला निघताना ते म्हणायचे, "मागे काही चालू ठेवायचं नाही." पाण्याचा विचारही मनात आला नाही. पुण्यात पाणी आपण बंद करत नाही, ते आपलं आपणच जातं.

जात होतो आईला आणायला. बाबा गेल्यापासून ती एकटी, आणि मी एकुलती एक. कितीतरी वर्षांनी ती कबूल झाली होती. "तीन महिने राहून बघते. रमले तर दर हिवाळ्यात येईन. नाहीतर त्या कोथरूडच्या वृद्धाश्रमात नाव घालते. एकटीला आता भीती वाटते गं." तिला जिना चढायला नको म्हणून मी खालची खोली लावली होती. पलंग, छोटा देव्हारा, खिडकीशी खुर्ची.

आम्ही तिकडे असताना इकडे कडाक्याची थंडी पडली. माळ्यावरचा पाइप गोठून फुटला आणि बर्फ वितळल्यावर पाणी छतातून खाली येत राहिलं. आईला घेऊन दार उघडलं, तर पायाखालचा गालिचा पचपचला. तिच्या पलंगावर छताचं ओलं प्लास्टर पडलं होतं. माझा नवरा समीर सिंकखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डोकं घालून पाण्याचा कॉक शोधत होता.

शेजारची नोरा धावत आली. "हीटिंग बारीक चालू ठेवायचं आणि कॉक बंद करून जायचं. तुम्हाला कुणीच सांगितलं नाही?"

नाही सांगितलं. इथे सगळे हसून 'ग्रँड, ग्रँड', म्हणजे सगळं छान, म्हणतात. कामाची गोष्ट मात्र नुकसान झाल्यावर कळते. मला त्या बाईचा तेव्हा फार राग आला, अजूनही येतो. आणि रिकाम्या घरासाठी हीटिंग चालू ठेवायचं, हे आपल्या माणसाच्या डोक्यात येणार तरी कसं?

हॉटेलच्या एका खोलीत आम्ही दाटीवाटीने राहिलो. आईला तिथे साधा वरणभातही करता येईना. ती दिवसभर शाल गुंडाळून बसायची. तिसऱ्या आठवड्यात म्हणाली, "माझं तिकीट काढ. तुला आधीच खूप निस्तरायचंय, त्यात मी कशाला?" मी खूप विनवलं. तिने ऐकलं नाही. पुढच्या हिवाळ्यात विचारलं, तेव्हा तिने आश्रमात नाव घातलेलं होतं.

पुण्यातले नातेवाईक म्हणतात, तुमची काय बुवा, मजा आहे. इथे नव्याने आलेले विचारतात, घराची आठवण येते का. आईचा पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिलाय. लिमरिकची खालची खोली रंगवून घेतली, तिथे आता समीर ऑफिसचं काम करतो. मी पुण्याला गेले की हॉटेलात उतरते, आणि आश्रमात फोन करून आईला भेटायची वेळ विचारते.