तेविसाव्या ठिपक्याची ओळख

त्या दुपारी चंद्रपूरच्या दवाखान्यात भाऊंच्या पलंगाशेजारी बसून मी औषधांची यादी तपासत होते. त्यांचा फोन माझ्याकडेच होता. ई-मेल आला, विषयात फक्त आकडा... २३. दोन वर्षं आम्ही दोघं ज्याची वाट पाहत होतो ते उत्तर आलं होतं, आणि डॉक्टरांच्या मते भाऊंकडे मोजकेच दिवस उरले होते. मी घाईघाईनं वाचलं. भाऊ चुकले होते.

प्रभाकरभाऊ माझे चुलतभाऊ, राजुऱ्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. अंतराळातल्या दुर्बिणींनी टिपलेले क्ष-किरणांचे फोटो इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. भाऊ ते उघडायचे आणि त्यांतले सर्वांत अंधूक ठिपके हुडकायचे. ठिपका कसला, दुर्बीण तासन्‌तास रोखल्यावर हाती लागलेले दहा-बारा किरणकण! ते कुठून आले, हे ओळखायचा त्यांना ध्यास. घरातल्या लग्नांच्या याद्या मी करते म्हणून या ठिपक्यांची वही माझ्याकडे आली. क्रमांक, जागा, साध्या प्रकाशात तिथं काय दिसतं, आणि शेवटचा रकाना ओळखीचा. तो पेन्सिलनंच भरायचा, हा भाऊंचा नियम. माझा जीव मात्र कच्च्या नोंदींनी कासावीस व्हायचा.

"भाऊ, तेवीसपुढे कृष्णविवर पेननं लिहू का? दीर्घिका दिसते ना तिथंच."

"काऊन घाई करून राह्यली व सुमन? माह्या बापानं नुसते बुडबुडे पाहून कधी जाळं टाकलं का? बुडबुडा मासोळीचा राह्यते, कासवाचा राह्यते, गाळाचाबी राह्यते."

काका बोडीवर, म्हणजे गावच्या लहान तळ्यावर, मासे धरायचे. भाऊंचं निम्मं शास्त्र तिथलंच.

मनातून मात्र त्यांनाही खात्री होती की तेवीस म्हणजे त्या दीर्घिकेच्या पोटातलं, अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचं कृष्णविवर. सिद्ध करायला मोठ्या दुर्बिणीतून घेतलेला वर्णपट हवा होता. त्या दुर्बिणीचा वेळ मिळावा म्हणून केलेला पहिला अर्ज नाकारला गेला. दुसरा मंजूर झाला तोवर भाऊंनी अंथरूण धरलं.

आणि आता वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा जागच्या जागी! इतक्या दूरचं काही असतं तर त्या लाल रंगाकडे सरकल्या असत्या. दीर्घिका नुसती मागं उभी होती. क्ष-किरण येत होते आपल्याच आकाशगंगेतल्या एका श्वेत बटूकडून, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेणाऱ्या विझल्या ताऱ्याकडून. हे या माणसाला आता सांगायचं? क्षणभर वाटलं, कृष्णविवरच आहे म्हणावं आणि फोन बंद करावा...

"तोंड काऊन पाडलं? तेवीसचं आलं ना? वाच!"

मी वाचलं. भाऊ हसायला लागले, इतके की नर्स धावत आली.

"मी समुद्रात पाहून राह्यलो होतो, अन् हा आपल्याच बोडीतला निघाला! दे मले वही."

मी खोडरबर काढलं.

"खोडू नको. एक रेघ मार फक्त. चूक वाचता आली पाह्यजे."

तीन दिवसांनी भाऊ गेले. तेरवीच्या सामानाची यादी मी केली, सगळ्या खुणा केल्या, पाहुणे गेले. मग वही उघडली. तेवीसपुढे रेघेखालचं 'कृष्णविवर' अजून वाचता येतं. शेजारी भाऊंचं वाकडं अक्षर आहे, 'श्वेत बटू. आपल्या बोडीतला.' गेल्या रविवारी मी चोवीसचा फोटो एकटीनं उघडला. नऊ कण! पेन्सिलीला टोक केलं, तासभर पाहत बसले... आणि रकाना रिकामाच ठेवून वही मिटली.