कॉट नंबर नऊचं दूध

ज्या पेशंटला काल डिस्चार्ज दिला होता, तो आज दुपारी रिपोर्ट बुकात आरामात पडला होता. ‘कॉट नंबर चार. झोप शांत. डाएट घेतला. तक्रार नाही.’ मेट्रनबाईंनी वॉर्डच्या मधोमध उभं राहून हे मोठ्यांदा वाचलं, रिकाम्या कॉटकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “सिस्टर, हा माणूस घोटीला आपल्या घरी जेवतोय. त्याची आपल्याबद्दल कसली तक्रार असणार?”

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी सिस्टर ट्यूटर होते, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे. रिपोर्ट बुक म्हणजे ड्यूटी संपताना प्रत्येक पेशंटची हकीकत लिहून ठेवायची वही. पुढची नर्स त्या वहीवर चालते. मेट्रनबाई आम्हा सगळ्या नर्सेसच्या वरच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जिला रिपोर्ट लिहिता येत नाही, ती पेशंटला धोका. पंधरा दिवस देते, नाही जमलं तर मुलीला घरी पाठवा.

मुलगी म्हणजे हिरा गावित, सुरगाण्याकडची. हाताची इतकी हलकी, की म्हातारे पेशंट इंजेक्शन तिच्याच हातून मागायचे. पण लिहायची वेळ आली की हिच्या तळहातांना घाम. मग मागच्या पानावरचा रिपोर्ट जसाच्या तसा उतरवून मोकळी व्हायची. तो घोटीचा माणूस त्यातच अडकला होता.

माझा स्वभाव तापट. आज हिला सोडायची नाही असं ठरवून मी तिला लिननच्या, म्हणजे चादरी-कपड्यांच्या खोलीत नेलं. ती खाली मान घालून सांगू लागली. चौथीत असताना गुरुजींनी तिचा निबंध वर्गात वाचून दाखवला होता. तिने घरी बोलतात तसं लिहिलं होतं. पोरं तर हसलीच, गुरुजीही पोट धरून हसले. तेव्हापासून हिने मनचं एक वाक्य लिहिलं नव्हतं. मॅट्रिकचे निबंधसुद्धा पाठ करून उतरवले. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या गुरुजींना मात्र समोर उभं करून चार शब्द सुनावावेत असं वाटलं. अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट बुकाची मागची सगळी पानं एकत्र धरली आणि त्यांना आर्टरी फोर्सेप लावला. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी दाबून धरायचा हा चिमटा, मिटला की घट्ट अडकून बसतो. म्हटलं, आता कुठून उतरवतेस बघू. तिचा चेहरा एवढासा झाला. मग तिला एकेका कॉटजवळ नेऊन विचारलं, याचं आज काय? तोंडाने ती भराभर सांगत सुटली. कोण कण्हत होता, कोणाच्या पायाची सूज उतरली, कोणाला घरची आठवण येते, सगळं हिला ठाऊक. म्हटलं, हेच लिही.

“असंच लिवायचं?”

“असंच लिहितात,” मी ठोकून दिलं. आमच्याकडे असं कोणीच लिहीत नव्हतं.

पहिले काही दिवस कॉटमागे एक ओळ यायची, तीही चार वेळा खोडून. मी प्रत्येक ओळ तिच्यासमोर वाचायचे आणि चेहरा अगदी सरळ ठेवायचे. हळूहळू एकीच्या दोन ओळी झाल्या. मला कोण आनंद झाला. पण मेट्रनबाईंना दाखवण्याजोगं अजून काही नव्हतं.

कॉट नंबर नऊवर पेठकडचे एक बाबा होते. ताप उतरून आठवडा झाला तरी अंगात ताकद येईना. डॉक्टरांनी दोनदा रक्त तपासलं, काही सापडेना. हिराच्या मुदतीच्या अकराव्या दिवशी मेट्रनबाई राउंडला आल्या आणि त्यांनी हिराचा रिपोर्ट उघडला. या खेपेलाही मोठ्यांदाच वाचला.

‘कॉट नंबर नऊ. बाबा दूध पीत नाही. पाव पण खात नाही. बायकोला देतात. ती बरोबर राहते, तिला हितं जेवण नाही. प्लेट रिकामी दिसते म्हणून आपण रोज डाएट घेतला लिहितो.’

‘आपण’ म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं होतं. मुलींचे रिपोर्ट मी तपासायचे, रोजच्या त्या ‘डाएट घेतला’खाली सही माझी होती. मेट्रनबाई लाल झाल्या. ही वही डॉक्टर बघतात, म्हणाल्या, शेवटचं वाक्य खोड. आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

हिराने पेन घेतलं. पंधरातले चारच दिवस उरले होते. माझ्या मनात आलं, खोड गं बाई, आणि सुट एकदाची.

“खोडते, मेट्रनबाई,” ती म्हणाली. “पण मग त्यांनी दूध पिलं असं होईल. ते नाय पिलं.”

मेट्रनबाई तरातरा नऊ नंबरकडे गेल्या. लॉकरच्या आडोशाला आजी बसल्या होत्या. त्यांनी घाईघाईने दुधाचा कप पदराखाली घेतला. मेट्रनबाई तशाच परत आल्या, हिराच्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्या ओळीखाली सही केली. किचनला निरोप गेला, नऊ नंबरला आजपासून दोन डाएट. पंधरा दिवसांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही आठवण करून दिली नाही.

बाबा थोड्याच दिवसांत आपल्या पायांनी घरी गेले. हिराने ट्रेनिंग पुरं केलं. शेवटच्या लेखी परीक्षेत तिने इतक्या पुरवण्या मागितल्या, की सुपरवायझर वैतागला.

त्याआधी कित्येक वर्षं मी ‘डाएट घेतला’ लिहीत आले होते, वळणदार अक्षरात, मुळीच न घाबरता. हिराला लिहायची भीती वाटायची. थोडी मलाही वाटायला हवी होती.