नालीवरचा उतार

नाली तुंबली की फोन मला येतो, आणि नाली उघडायला गेले की शिव्याही मलाच. गोंदिया जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाच्या नगरपंचायतीत मी इंजिनियर आहे. आता तर मला रागावण्याचाही कंटाळा आला आहे.

आमच्या गल्लीचंच सांगते. वरच्या टोकाला राईस मिल, खालच्या टोकाला एका म्हातारीचं घर, मधे आम्ही सगळे. मिलचा कोंडा आणि घराघरातल्या प्लॅस्टिकच्या पन्न्या नालीत जातात. त्यावर प्रत्येकाने गाडी आत चढवायला दारापुढे सिमेंटचा उतार ओतलेला, त्यामुळे खाली फावडं घालायलाही जागा नाही. पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि वाट काढत म्हातारीच्या घरात शिरतं. मागच्या साली तिची धान साठवायची ढोली बुडापासून भिजली. ती भांडली नाही. कोंब फुटलेलं ओंजळभर धान तिने माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "पाह्य बाई, घरातच रोवणी झाली."

यंदा सगळे उतार फोडायचे ठरले. नोटिसा वाटायला मीच गेले. दारोदार एकच उत्तर, "पहले अपना तो तोडिये, म्याडम."

आमच्याही दारात उतार होताच, पण तो गाडीसाठी नव्हता. माझे बाबा गवंडी. बांधकामावरून पडले तेव्हापासून कमरेखाली त्यांना काहीच कळत नाही. मांडीवर गरम चहा सांडला तरी फोड दिसल्यावरच समजतं. तो उतार त्यांनी खुर्चीत बसून, मजुरांवर ओरडत करून घेतला होता. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की चाकाची खुर्ची त्यावरून खाली उतरवायची आणि चौकातल्या पानठेल्यापर्यंत न्यायची. तिथे ते माणसांत बसत, पिचकाऱ्या मारणाऱ्यांना दम देत, राजकारणावर भांडत. दिवसभर त्या एका फेरीची वाट पाहत.

सकाळी चहा देताना मी त्यांना सांगितलं. जाळीची ऑर्डर दिलीय, उचलता येईल अशी लोखंडी जाळी, तोवर थोडे दिवस कळ काढा, असं बरंच काही बोलले. त्यांनी चहा संपवून कप खाली ठेवला.

"पयले मले भाईर काढ," ते म्हणाले. "मंग फोड."

"दिवसभर बाहेर बसाल?"

"आत बसून घणाचे ठोके मोजू काय?"

मी त्यांना समोरच्या कडुनिंबाखाली बसवलं. पहिला घण आमच्या उतारावर पडला. "मधात नोको मारू, कोपरा धर!" बाबा तिकडून ओरडले. मला रडू येत होतं आणि कामगार हसत होते.

मग शेजारी एकेक करून भांडायला आले. समोर बाबा बसलेले. तोंडापर्यंत आलेले शब्द लोक गिळायचे. एक जण म्हणाला, "काका, आता तुमी जासाल कसे?"

"माहं मी पाहून घेईन. तू आपला फोड."

संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली उघडी झाली. काळाकुट्ट कोंडा ट्रॉल्या भरभरून निघाला आणि पाणी खळखळत खाली गेलं. मग चौघा कामगारांनी बाबांना खुर्चीसकट उचलून घरात आणलं. "नवरदेवावानी आणून राहिले मले," ते म्हणाले, आणि त्या दिवशी मी पोटभर हसले.

म्हातारीचं घर यंदा कोरडं राहिलं. इथेच हे संपलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळी आली तसा पहिल्याने उतार पुन्हा ओतला. मग दुसऱ्याने. "पोराचं लगन हाय म्याडम, गाडी कुठं ठेवू?" पाहता पाहता गल्ली होती तशी झाली. मी पुन्हा नोटिसा काढते आहे. लोक हात पुसून त्या घेतात आणि फ्रीजवर ठेवून देतात.

आमच्या दारात मात्र जाळीच आहे. इंजिनियरच्या दारात सिमेंट कसं चालेल? बाहेर ठेवली तर कोणी भंगारात विकेल, म्हणून ती घरात असते. रोज ओढत नेऊन नालीवर टाकायची, बाबांना न्यायचं, आणायचं, पुन्हा आत ओढायची. माझी कंबर भरून येते. मी काही बोलत नाही, पण जाळी उचलताना तोंडातून आवाज निघतोच.

परवा नोटिसा वाटून घरी आले आणि जाळीला हात घातला.

"राहू दे वं आज," बाबा म्हणाले. "माहे पाय दुखून राहिले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते भिंतीकडे पाहत होते.

"बरं," मी म्हणाले, आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली.

कालही त्यांचे पाय दुखत होते.