चार आंधळे सड

आमचा भात चार महिने पुरायचा. बाकीचं वर्ष डुकरीण व्यायची ती पिल्लं विकून निघायचं. आज बोईसरजवळच्या फार्मवर व्यायलेल्या डुकरिणीच्या दुधाचा आंबूस वास आला आणि तो दिवस आठवला. दोन माद्यांतली एकच ठेवायची होती. आई एकीचे सड चाचपत म्हणाली, "हिचे चार आंधळे हायत, दूध नाय यायचं. दुसरी ठेवू."

"तू कोणती शाळा शिकली गं?" बाबा हसले. "हीच जाडी हाय, हीच ठेवायची."

मीही हसले.

जाडीच ठेवली. ती व्याली. प्रत्येक पिल्लानं आपापला सड धरला; एकदा धरला की डुकराचं पिल्लू तो बदलत नाही. चौघांच्या वाट्याला आंधळे आले. कोरडं चोखत ती चारही पिल्लं मेली. आईनंच ती पुरली.

आता फार्मवर सड चाचपून माद्या मीच निवडते. कुणी हसत नाही. मी घरातली पहिली पदवीधर आहे.