नारू आमच्या घरात न्हाई

नारू म्हणजे दोऱ्यासारखा लांबलचक किडा. पायाला फोड येतो, फुटतो आणि त्यातून तो बाहेर डोकावतो. लढाईच्या त्या वर्षांत, कवठे महांकाळकडच्या सासरी तो माझ्या पायाला निघाला आणि मी लाजेनं अर्धमेली झाले. नवरा पलटणीत. सासूबाईंनी जाहीरच करून टाकलं, हे हिच्या मलकापूरच्या माहेरच्या पाण्याचं देणं. मुलगा रजेवर यायच्या आत हिला माहेरी धाडायची, कायमची. आमच्या मलकापूरला कोयनेचं वाहतं पाणी, त्याला नावं ठेवणाऱ्या ह्या कोण? पण कर्म माझं, तेव्हा मलाही त्यांचं म्हणणं खरंच वाटत होतं.

मग नारूची पाहणी करायला एक डॉक्टर आणि एक नर्सबाई आल्या. डॉक्टर ओसरीवर बसून कर्त्या माणसाला विचारायचे. आमच्या घरात तसलं काही नाही, असं सासरे ठणकावून म्हणाले. मी दाराआड, पायाला पट्टी. सगळ्या गावानं तेच सांगितलं. डॉक्टर खूश झाले, पण नर्सबाई मोठ्या चिवट. म्हणाल्या, सकाळी मी बायकांबरोबर पाण्याला येते.

आमची विहीर पायऱ्यांची. लुगडं वर खोचून गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि घागर बुडवायची. तिथं पाय कुठला झाकणार? हिच्या पायाला पट्टी, तिच्या पायाला चिंधी. नर्सबाई कुणाला रागावल्या नाहीत. हा किडा पिण्याच्या पाण्यातून पोटात जातो आणि बाहेर यायला वर्षभर लावतो, एवढं सांगून त्यांनी प्रत्येकीला एकच विचारलं: गेल्या वर्षी या दिवसांत कुठलं पाणी पीत होतीस?

माझी पाळी आली. लग्नाला दोन वर्षं झालेली, उत्तर सरळ होतं. पण सासरच्या विहिरीला बोल कसा लावायचा? मी घागर बुडवायला वाकले.

"हितंच हुती ती," वरच्या कोरड्या पायरीवरून सासूबाई म्हणाल्या. "ह्याच पाण्यावर. आन् मी बी."

त्यांनी लुगडं वर घेतलं. नडगीवर जुने व्रण, एकाशेजारी एक. मला कधी पाय चेपू देत नव्हत्या ते का, ते तेव्हा कळलं. सासूबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. आणि मला, खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. मग स्वतःचीच किळस आली.

घरी आल्यावर त्यांनी मला चुलीपुढं बसवलं आणि माझा पाय उचलून मांडीवर घेतला. नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा असतो. पण सासूनं सुनेचा पाय धरायचा? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवं आत्या, नका, म्हणत मी पाय ओढायला लागले.

"गप बस. कुठं धाडत न्हाई तुला," त्या म्हणाल्या. "हलू नगंस, तुटला तर लय सुजतंय. माझा तुटला हुता, तवा बघाया कुणी नव्हतं."